कुंतीचं बाळंतपण

मराठीत नुकत्याच प्रसूत झालेल्या बाईला बाळंतीण म्हणतात. तिचं जे काही करायचं ते बाळंतपण. तिला द्यायचा तो बाळंतकाढा, जेवणानंतर चघळायच्या त्या बाळंतशोपा, आणि ती ज्या खोलीत झोपते ती बाळंतिणीची खोली. या प्रत्येक शब्दात बाळ आधी ऐकू येतं, बाई मागून येते. एरवी यात काही अडत नाही, कारण दोघं एकाच अंथरुणावर असतात. पण जिने मूल जन्माला घातलं आणि ते दत्तक जावं म्हणून सोपवलं, तिला काय म्हणायचं? ती बाळंत झाली आहे हे नक्की. तिच्याजवळ बाळ नाही हेही नक्की. तिचं बाळंतपण करायचं का, करायचं तर कुणी, आणि ते तिच्यावर उपकार म्हणून की तिचं देणं म्हणून, असा हा प्रश्न आहे.

माझ्यापुरता तो हिनकलमध्ये उभा राहिला. म्हैसूरहून हुणसूरकडे जाणारा रस्ता बाहेरच्या रिंग रोडला जिथे छेदतो, तिथल्या उड्डाणपुलाच्या अंगाला हे गाव आहे. गावपण उरलं आहे ते नन्नेश्वराच्या जुन्या देवळाभोवती. बाकी सगळी भाड्याची घरं आणि हेब्बाळच्या कारखान्यांत, कंपन्यांत कामाला जाणारी माणसं. मी मूळची बेळगावची. लग्न होऊन इकडे आले, शाळेत हिंदी शिकवलं, निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका समाजसेविकेने विचारलं, की तुमची वरची खोली एका मुलीला दोन महिने देता का? मुलगी आठवड्यापूर्वी बाळंत झाली होती, बाळ तिने बालकल्याण समितीपुढे सोपवलं होतं, आणि घरी जायची सोय नव्हती. मी हो म्हटलं. ती कुठली, काय काम करायची, हे कसं घडलं, यातलं काही मी इथे लिहिणार नाही. ती हकिकत तिची आहे. मला लिहायचं आहे ते त्या दोन महिन्यांनी मला विचार करायला लावलं त्याबद्दल.

पहिला प्रश्न स्वयंपाकघरातला होता: हिला करून काय घालायचं? अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, शतावरी हे सगळं मला आईकडून, सासूकडून माहीत होतं. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या जेवणातला काही भाग बाईची झीज भरून यावी म्हणून असतो आणि काही भाग अंगावर दूध भरपूर यावं म्हणून. हे दोन हेतू इतके एकजीव झालेले आहेत, की ते वेगळे करायची वेळ घरातल्या बायकांवर सहसा येत नाही. माझ्यावर आली. भाकरी, तूप, पालेभाजी, डाळ, अंडी, खजूर हे ठेवायचं; अळीव आणि शतावरी बाजूला काढायची. एका बाजूला तिचं रक्त भरून यायला हवं होतं आणि दुसऱ्या बाजूला तिचं दूध आटायला हवं होतं.

शरीराला समर्पणपत्र वाचता येत नाही. वार पडली की रक्तातली संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि दोन-चार दिवसांत दूध येतं. शेजारी बाळ आहे की नाही याची वाट ते पाहत नाही. कुणी प्यायलं नाही तर ते हळूहळू आटतं खरं, पण त्याआधीचे दिवस वाईट असतात. छाती दगडासारखी होते, काखेपर्यंत ठणका लागतो, कणकण येते, आणि गाठीत जंतू शिरले तर गळू होतं. यावर डॉक्टर सांगतात ते साधंच आहे: नीट आधार देणारी ब्रा घालायची, पण आवळून बांधायचं नाही, थंड पट्ट्या ठेवायच्या, ठणका सोसवेल इतपतच दूध काढायचं, कारण सगळं काढलं तर शरीर पुन्हा तेवढंच भरतं, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून दूध आटवायची गोळी. बाकीच्या बाळंतिणींना सुख देणारा शेक इथे छातीला द्यायचा नाही, उबेने दूध अधिक उतरतं. गर्भाशयाचं तसंच. प्रसूतीनंतर लगेच त्याचं वजन किलोभर असतं आणि मूळपदावर यायला त्याला सहा आठवडे लागतात. चार ते सहा आठवडे अंगावरून जातं. टाके भरायला, कंबर सावरायला, चढउतार करताना पाय न थरथरायला त्यांचा वेळ लागतो. बाळंतपणाची गरज बाळामुळे निर्माण झाली असली तरी बाळ गेलं म्हणून ती त्याच्याबरोबर जात नाही.

हे इतकं उघड आहे, की ते मुद्दाम सांगावं लागू नये. पण समाज आणि सरकार या बाईपर्यंत पोचतात ते बाळाच्या वाटेने. आपल्या आरोग्यव्यवस्थेत आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी येते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. अत्यंत चांगली व्यवस्था आहे, आणि या फेऱ्यांत आईचीही विचारपूस होते. पण कार्यक्रमाचं नावच नवजात बाळाची घरगुती काळजी असं आहे. घरात नवजात बाळ नसेल तर दार कुणाचं वाजवायचं? कर्नाटकात गरीब बाळंतिणींना कपडे, साबण वगैरे वस्तूंचा संच देण्याची योजना आली, तिचं नाव मडिलु. मडिलु म्हणजे मांडी, पदर, ओटी. कन्नडमध्ये मडिलु तुंबणं म्हणजे आपलं ओटी भरणं. नाव सुंदर आहे आणि अडचणही त्या नावातच आहे, कारण जिचा मडिलु रिकामा आहे तिला तो संच मागायला तोंड कुठलं?

घरातल्या रीतीही अशाच. पाचवीला सटवाई येते ती बाळाच्या कपाळावर लिहायला. बाराव्या दिवशी पाळणा. सव्वा महिन्याचा विसावा बाईला मिळतो खरा, पण तो बाळाच्या नावावर मिळतो. सोयर पाळायचं तर जन्म झाल्याचं सांगावं लागतं, आणि जिथे जन्मच लपवायचा असतो तिथे विसावाही लपून राहतो. अशा कित्येक बायका प्रसूतीनंतर आठवड्याभरात पुन्हा धुणी-भांडी, कारखाना, कॉलेज गाठत असणार, कारण न जाण्याचं कारण सांगता येत नाही.

याला एक अपवाद मला सापडला, आणि तो कोरड्या कायद्यात. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला मालकाला मनाई केली. गर्भपात झाला असला तरीही तेच. मूल जिवंत आहे का, तुझ्याजवळ आहे का, असं ते कलम विचारत नाही; ते फक्त शरीराकडे बघतं. पुढे २०१७च्या दुरुस्तीने तीन महिन्यांहून लहान बाळ दत्तक घेणाऱ्या आईलाही बारा आठवड्यांची रजा दिली, आणि ते योग्यच झालं. दत्तक घेणारी आई बाळंत झालेली नसते, तरी तिला बाळासाठी वेळ हवा असतो. त्याच न्यायाने, जी बाळंत झाली आहे आणि जिच्याजवळ बाळ नाही, तिला स्वतःसाठी वेळ हवा असतो. आई होणं आणि बाळंत होणं या दोन गोष्टी आहेत. बहुधा त्या एकाच बाईच्या वाट्याला येतात, म्हणून त्या एकच आहेत असं आपण धरून चालतो.

महाभारतकारांना हा फरक ठाऊक होता. कुंतीने कर्णाला पेटीत घालून अश्वनदीत सोडलं, ती पेटी चर्मण्वतीतून यमुनेत आणि यमुनेतून गंगेत जात चंपानगरीला पोचली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) ते मराठी घराघरांत पोचवलं. पण या कथेतल्या दुधाकडे आपलं लक्ष जात नाही. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो, की माझ्यावरच्या मायेने राधेला त्या क्षणी पान्हा फुटला. वनपर्वात खुद्द कुंती नदीकाठी रडताना म्हणते, की तुला तहान लागल्यावर जिच्या छातीला तू लागशील ती बाई धन्य. म्हणजे राधेच्या दुधाचा उल्लेख दोनदा आला, पैकी एकदा कुंतीच्या तोंडून. मग कुंतीच्या दुधाचं काय झालं? त्याबद्दल महाभारत काही सांगत नाही. सांगण्याची गरजच ठेवलेली नाही, कारण सूर्याने तिला आधीच वर दिला होता, की मूल झाल्यावरही तू कन्याच राहशील. आपण त्या वराकडे कौमार्याच्या अंगाने पाहतो. मला तो आता वेगळा दिसतो. बाळंतपण झालंच नाही असं ठरवून टाकणारा तो वर आहे. टाके नाहीत, ताप नाही, भिजलेली चोळी नाही. राजवाड्यात दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे.

तरी महाभारताने एक गोष्ट सोडलेली नाही. त्या रात्री कुंतीबरोबर तिची दाई होती, आणि हे गुपित तिच्याखेरीज कुठल्याही बाईला ठाऊक नव्हतं. म्हणजे कथेलाही एक माणूस ठेवावंच लागलं. पुढे युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंतीने मुलांना खरं सांगितलं, तेव्हा युधिष्ठिराने चिडून शाप दिला, की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. त्याने तो शाप म्हणून दिला. कित्येक बायकांना तो वर वाटला असता.

मराठी मुलखात या प्रश्नावर पहिलं घर उघडलं ते जोतीराव आणि सावित्रीबाईंनी, १८६३मध्ये, पुण्यात. त्याला आपण बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणतो. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने जन्मलेलं मूल मारलं आणि तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवलं, या घटनेने जोतीराव हलले होते. पुढे ४ डिसेंबर १८८४ला सरकारला लिहिलेल्या टिपणात त्यांनी नोंदवलं आहे, की पस्तीसहून अधिक गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या, त्यांतली पाच मुलं तेव्हा जगली होती. बाकीची गेली, कारण पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. १८७५च्या सुमारास पंढरपूरलाही असं एक गृह निघालं. आणि १८८२मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तीही सुरतेच्या एका विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली त्या निमित्ताने.

घराचं नाव बालहत्या प्रतिबंधक असलं तरी त्या पस्तीस आकड्याकडे मी पुन्हापुन्हा येते. मुलं पाच जगली. बायका पस्तीस बाळंत झाल्या. प्रत्येकीला कुणीतरी पेज दिली असणार, रक्ताची लुगडी कुणीतरी धुतली असणार, दूध दाटलं तेव्हा कुणीतरी शेजारी बसलं असणार. ज्यांची मुलं गेली त्यांचीही बाळंतपणं झालीच. सावित्रीबाईंना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून आठवतो, यशवंतची आई म्हणून आठवतो. यशवंत पुढे डॉक्टर झाला, १८९७च्या प्लेगात त्याच्याबरोबर काम करताना सावित्रीबाई गेल्या. पण त्या घरात सावित्रीबाई आणखी एक काम करत होत्या, ज्याला आपल्याकडे नावही नाही: बाळावर हक्क न सांगता परक्या बाईचं बाळंतपण करणं.

इथवर प्रश्न दयेचा वाटू शकतो. बाई अशक्त आहे, तिला जेवू घालावं, एवढंच. तो न्यायाचा प्रश्न का आहे, हे मला कायद्याचं पान उघडल्यावर कळलं. बाल न्याय कायदा, २०१५, याच्या पस्तिसाव्या कलमानुसार आपल्या आवाक्याबाहेरच्या शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी ज्यांना मूल सोपवायचं आहे, त्यांनी ते बालकल्याण समितीपुढे आणायचं. चौकशी होते, समुपदेशन होतं, समर्पणपत्र होतं. आणि मग फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत बाळ परत मागता येतं. त्यानंतर ते दत्तकासाठी मोकळं होतं. त्याआधी, १९८४च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की मूल जन्मण्याआधी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत आईबापांना असा निर्णय घेऊच देऊ नये; त्यांना विचाराला पुरेसा वेळ हवा.

बाळ जन्मल्यावर लगेच सोपवलेलं असेल, तर फेरविचाराचे साठ दिवस आणि शरीर सावरण्याचे सहा आठवडे हे एकाच वेळी चालतात. तिने आयुष्यातला सगळ्यांत अवघड निर्णय पारखून घ्यायचा तो नेमका तेव्हा, जेव्हा तिला झोप नाही, रक्त कमी आहे, छाती ठणकते आहे आणि मनात काय चाललं आहे हे तिचं तिलाच उमगत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं होतं. आणि त्या अभ्यासाचा विषय बाळापासून तुटलेल्या बायका नव्हता. दोन महिने दिले असं कायदा म्हणतो तेव्हा तो दिवस मोजतो. पण उपाशी, आजारी, एकट्या माणसाला दिलेले साठ दिवस आणि जेवलेल्या, झोपलेल्या, बोलायला कुणी असलेल्या माणसाला दिलेले साठ दिवस सारखे नसतात. संमती खरी ठरायची असेल तर ती देणारीचं शरीर थोडंतरी सावरलेलं हवं. म्हणून बाळंतपण हा तिच्या संमतीचाच भाग आहे. ते झालं नसेल, तर मुदत संपली तरी तिला खरा वेळ मिळाला असं म्हणता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही मला घरातल्या, शेजारच्या माणसांनी ऐकवले. पहिला असा, की असे लाड केले तर मुलं सोडून देणं सोपं होईल. मला हे पटत नाही. चाळीस दिवसांच्या वरणभातासाठी कुणी नऊ महिने आणि एक प्रसूती सोसत नाही. उलट, दत्तक नियमावलीतच सांगितलं आहे, की समर्पण व्हायच्या आधी मूल आईबापांजवळ राहील असा प्रयत्न संस्थेने आणि समितीने करावा. दोन महिने नीट सावरलेली बाई बाळ परत घ्यायलाही उभी राहू शकते. खंगलेली बाई काहीच ठरवू शकत नाही, तिच्या बाबतीत फक्त मुदत संपते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: तुमची काळजी हाच एक दबाव नाही का? जिचं अन्न खाल्लं तिची इच्छा मोडवत नाही. हा आक्षेप मी मानते. काळजी करणाऱ्या हातांना बाळाच्या निर्णयात काही मिळवायचं असेल, तर त्या काळजीला किंमत लागते. म्हैसूर जिल्ह्यातच २०१६मध्ये पोलिसांनी बाळं विकण्याचा धंदा उघडकीस आणला होता. अडचणीतल्या बाईला आसरा आणि पैसे देऊन बाळ घेणं हे अशा सगळ्या धंद्यांचं भांडवल असतं. म्हणून नियम असा हवा, की जन्मदात्रीचं बाळंतपण करणारा माणूस बाळ घेणाऱ्यांच्या बाजूचा नसावा, आणि ते दिलंच पाहिजे किंवा परत घेतलंच पाहिजे अशा मताचाही नसावा. निदान ते मत त्याने जेवणाच्या ताटात वाढू नये.

हे म्हणायला सोपं आहे. महिन्याभराने एका रात्री त्या मुलीने मला विचारलं, “अम्मा, नीवागिद्रे एनु माडतिद्रि?” तुम्ही असता तर काय केलं असतं? माझ्या मनात उत्तर होतं. मला वाटत होतं, तिने बाळ परत आणावं, आपण सगळे मिळून बघू. पण ‘आपण सगळे’ म्हणजे कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिच्या घरी मी जाणार नव्हते, तिचं वीस वर्षांचं भाडं मी भरणार नव्हते. मी म्हटलं, तुझ्या जागी मी नाही. तू काहीही ठरव, दोन महिने तुझं जेवण इथे आहे, आणि त्यानंतरही यावंसं वाटलं तर ये. ती काही बोलली नाही. साठावा दिवस आला, ती समितीकडे गेली नाही. त्या दिवशी तिने डोक्यावरून आंघोळ केली आणि केस वाळवत बराच वेळ गच्चीवर बसली. मी खाली होते. वर जावंसं वाटत होतं, पण तिने हाक मारली नव्हती.

तिने दत्तकाची निवड केली असं म्हणावं का? निवड हा शब्द मला इथे मोठाही वाटतो आणि अपुराही. मोठा, कारण कायदाच आवाक्याबाहेरची कारणं म्हणतो. अपुरा, कारण शेवटी समितीपुढे उभी राहिली ती, सही तिची, आणि ते बाळ कुठल्याशा पायरीवर न ठेवता त्याला नाव-गाव लागेल अशा वाटेने पाठवलं तिने. तमिळनाडूत सेलमला १९९२मध्ये पाळणा योजना सुरू झाली. न मारता पाळण्यात ठेवा, कुणी काही विचारणार नाही, असा तिचा अर्थ. तिने बाळं वाचली. पण कुणी काही विचारणार नाही यात, तुला रक्त फार जातंय का, हेही कुणी विचारत नाही. समर्पणाच्या वाटेत निदान बाईला चेहरा आहे. आपण तिला ‘मूल टाकलेली’ म्हणतो तेव्हा तो चेहरा पुसतो.

आणि दुःखाचं काय? ऑस्ट्रेलियात रॉबिन विंक्लर आणि मार्गारेट व्हॅन केपेल यांनी १९८४मध्ये मुलं दत्तक दिलेल्या २१३ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या जणींच्या बाबतीत हरवल्याची भावना वर्षांनुवर्षं वाढत गेली होती. ज्यांना त्याविषयी बोलायला कुणी नव्हतं, आधार नव्हता, त्यांची अवस्था अधिक वाईट होती. त्या देशात एके काळी अशा आयांना बाळ पाहू दिलं जात नसे, दूध आटवायचं औषध देत, आणि विसरून जा म्हणत. २१ मार्च २०१३ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेत देशाच्या वतीने त्यांची माफी मागितली. कुंतीला मिळालेला वर त्या बायकांना सक्तीने दिला गेला होता, असं मला वाटतं.

विसरणं हा इलाज नाही, हे मी त्या दोन महिन्यांत शेजारी राहून पाहिलं. इथे भाषासुद्धा विसरू देत नाही. म्हैसूरकडे कुठल्याही बाईला अम्मा म्हणतात. भाजीवाला म्हणतो, बन्नी अम्मा; बसचा कंडक्टर म्हणतो, मुंदे होगी अम्मा. आदराचं संबोधन आहे, कुणाच्या मनात काही नसतं. ती दुकानातून परत आली, की दिवसातून किती वेळा तिला कुणी आई म्हणालं हे मी मनात मोजत असे. ती स्वतः कधी त्याबद्दल बोलली नाही. एकदा मात्र म्हणाली, आज कुणी म्हटलं तर मी वळून बघितलं. ते दुःख होतं की सावरणं, मी विचारलं नाही. बाळाला पाहावं की नाही, त्याला मनातल्या मनात नाव द्यावं की नाही, वाढदिवस लक्षात ठेवावा की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. आपल्या नियमावलीत तर असंही आहे, की अठरा वर्षांचं झाल्यावर मूल आपलं मूळ शोधू शकतं, आणि जन्मदात्रीने गुप्तता मागितली असेल तर तिची संमती घ्यावी लागते. म्हणजे कायद्याच्या लेखीही ती साठाव्या दिवशी संपत नाही. अठरा वर्षांनी तिला पुन्हा काही विचारलं जाऊ शकतं.

म्हैसूरला दत्तकाचं नवल नाही. इथल्या राजघराण्यात १८६५मध्ये दत्तक झालं आणि २०१५मध्येही झालं. शेवटचं तर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. राजवाड्यातलं दत्तक हा सोहळा असतो, मध्यमवर्गीय घरातलं दत्तकही आता हळूहळू सोहळा होत आहे, पेढे वाटले जातात, आणि वाटले जावेत. त्या प्रत्येक बाळाच्या मागे एक बाळंत झालेली बाई आहे. तिला पेढा नको असेल. तिला गौरव, दया, मुलाखत यातलंही काही नको असेल.

तिला हवी ती गोष्ट फार साधी आहे आणि आपल्याला ती करता येते, कारण आपल्या आज्या-पणज्यांनी ती पिढ्यान्पिढ्या केली आहे. बाळ शेजारी नसताना करायची, एवढाच फरक. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी कुणीतरी तिच्या दाराशी यावं. बाळाचं काही विचारू नये. ताप आहे का, अंगावरून फार जातंय का, छाती दुखते का, झोप लागली का, एवढं विचारावं, आणि ती जेवली नसेल तर आधी ताट वाढावं.